आडोशाची खिडकी

हैदराबादच्या मलकपेठेतल्या त्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे वासावरून ओळखणारे पुष्कळ होते. पण ते का शिजतंय, हे फक्त सुशीलाबाई बिराजदारांना ठाऊक असायचं. कुणाची मुलगी पाहायला पाहुणे येऊन गेले, कुणाची सून माहेरी जाताना एका बॅगेऐवजी तीन घेऊन गेली, समोरच्यांचा टीव्ही बिघडला की भांडणात फुटला, सगळं त्यांच्याकडं पक्कं असायचं.

त्यांची पद्धत साधी होती. त्या कुणाला कधी प्रश्न विचारत नसत. चुकीची गोष्ट बोलत. "तुमचा मुलगा डिस्टिंक्शनमध्ये आला म्हणे, पेढे कुठायत?" असं म्हटलं की समोरची बाई आपणहून खरे मार्क सांगायची, वर कुठल्या विषयात गटांगळ्या खाल्ल्या तेही सांगायची.

ही पद्धत तीस वर्षांत फक्त एकदा फसली, ती २०११ साली, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीपुढं.

सुलभा आणि मिलिंद हे पुण्याहून आलेलं जोडपं. मिलिंद सकाळी साडेसातला कंपनीच्या बसनं शहराच्या पार त्या टोकाला जायचा. सुलभा दिवसभर घरात, दार लावून. दाराला कान लावला तर नुसती टकटक ऐकू यायची. ना टीव्ही, ना फोन, ना कुकरच्या चारपेक्षा जास्त शिट्ट्या. तीन महिने झाले तरी ही बाई दिवसभर करते काय, याचा पत्ता लागेना.

"शिवणकाम जोरात चाललंय म्हणे तुझं," सुशीलाबाईंनी एकदा जिन्यात टाकून पाहिलं.

"शिवणकाम नाही, काकू," सुलभा हसून म्हणाली आणि वर निघून गेली. चूक दुरुस्त केली, पण त्यापुढं एक शब्द जास्तीचा नाही.

त्या रात्री सुशीलाबाईंना भाकरी गोड लागली नाही. नवरा, उमाजी, म्हणाले, "असंल काहीतरी तिचं. तुला काय करायचंय?" हा प्रश्न त्यांनी लग्नानंतर हजारभर वेळा तरी विचारला असेल आणि त्याचं उत्तर त्यांना एकदाही मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुशीलाबाई अंबाडीच्या भाजीची वाटी घेऊन सरळ वर गेल्या. दार उघडताच त्यांनी जन्मात पहिल्यांदा सरळ प्रश्न विचारला.

"बाई, तू दिवसभर काय करलालीस गं?"

सुलभानं वाटी घेतली, त्यांना खुर्ची दिली आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडं वळवला. पडद्याच्या कोपऱ्यात एक खवल्याखवल्यांचा गोळा होता.

"हा फणस कशाचा?"

"फणस नाही काकू, खवल्या मांजर आहे. घाबरलं की अंग असं गोळा करून घेतं. या ब्राउझरचं नाव पँगोलिन, म्हणजे तेच. मी तो मराठीत आणतेय."

"पगार किती?"

"काहीच नाही. जगभरातली माणसं मिळून बनवतात. कुणी घडवतं, कुणी दुरुस्त करतं, कुणी भाषांतर करतं. सगळं फुकट."

फुकट म्हटल्यावर सुशीलाबाईंचा संशय दुप्पट झाला. "आणि हा फणस करतो काय?"

"इंटरनेटवर आपण कुठं कुठं गेलो, काय काय बघितलं, ते हा कुणाला कळू देत नाही."

"कुणाला म्हणजे? नवऱ्याला पण नाही?"

"नवऱ्याला पण नाही. कंपन्यांना नाही, जाहिरातवाल्यांना नाही, शेजारच्यांना नाही."

सुशीलाबाई खुर्चीत मागं टेकल्या. असं काही मुद्दाम बनवायला जगभरातली माणसं फुकट राबतात, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. "मंग दुनिया चालायची कशी?" त्या म्हणाल्या.

सुलभाची अडचण वेगळी होती. आधीच्या कुणा भाषांतरकारानं जे करून ठेवलं होतं ते तिला स्वतःला वाचवत नव्हतं, आणि हैदराबादेत तपासायला माणूस मिळत नव्हता. सुशीलाबाईंच्या मुलाला, युवराजला, तिनं विचारलं होतं. तो दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमध्ये गणित शिकवायचा. तेलुगू, उर्दू, इंग्रजी फाडफाड बोलायचा, पण मराठी वाचताना एकेक अक्षर चिमट्यानं उचलल्यासारखा वाचायचा.

"मला येतं की वाचायला," सुशीलाबाई म्हणाल्या. "उदगीरला सातवीपर्यंत होते मी. मराठी शाळेत."

त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं. "गोपनीय वातायन उघडा. त्रयस्थ अनुसरक प्रतिबंधित केले आहेत." मग चष्मा काढला. "हे काय, घर पाडायची नोटीस आहे का?"

सुलभाला इतकं हसू आलं की तिला पाणी प्यावं लागलं. मग तिनं समजावलं. पहिलं वाक्य एका खास खिडकीबद्दल होतं. त्या खिडकीतून जे पाहिलं त्याची मागं खूण राहत नाही. खासगी म्हणावं, गुप्त म्हणावं, काहीच पटत नव्हतं.

"गुप्त कशाला? चोरी करलालो का आपण?" सुशीलाबाई म्हणाल्या. "आमच्या गावी न्हाणीला भिंती नव्हत्या. चार काठ्या अन् बारदान. आत कोण हाय ते सगळ्यांला ठाऊक असायचं, पण बघायचं नाही कुणी. आडोसा म्हणायचे त्याला."

सुलभानं कळफलक पुढं ओढला. मग तिनं टाइप केलं: आडोशाची खिडकी उघडा.

"आणि हे अनुसरक म्हणजे?" सुशीलाबाईंना आता चव लागली होती.

"समजा, तुम्ही साडीच्या दुकानात गेलात. तुमच्या मागं मागं एक जण फिरतोय. कुठली साडी हातात घेतली, कुठली ठेवली, किती वेळ बघितली, सगळं टिपतोय आणि बाहेर जाऊन दुसऱ्या दुकानदारांना सांगतोय."

"चोंबडे!" सुशीलाबाई ताडकन म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेला आणि त्यांना आठवलं, चार वर्षांपूर्वी पाण्याच्या टँकरपाशी कुणीतरी हाच शब्द त्यांच्या पाठीमागं उच्चारला होता. सुलभानं मान खाली घातली आणि तीन अक्षरांचा तो शब्द टाइप करायला गरजेपेक्षा बराच जास्त वेळ घेतला.

त्या दिवसापासून सुशीलाबाई दुपारी दोन तास वर जाऊ लागल्या. सुलभानं त्यांना मराठी टाइप करायला शिकवलं. एका बोटानं, पण बिनचूक. गल्लीत विचारलं तर त्या सांगायच्या, "इंटरनेटचं काम चालू हाय आमचं."

पहिला अडथळा आला तो पुण्यातून. तिथं अविनाश नावाचा एक गृहस्थ होता. पँगोलिनच्या मराठीचा प्रत्येक शब्द त्याच्या नजरेखालून जायचा. त्यानं आडोसा मान्य केला, पण कळवलं की 'तीन चोंबडे अडवले' हे वाक्य सॉफ्टवेअरला शोभत नाही. त्यानं 'पाळतकारी घटक' सुचवला.

"फोन लाव त्याला," सुशीलाबाई म्हणाल्या.

सुलभानं नाइलाजानं फोन लावून दिला.

"अविनाशराव, मी हैदराबादहून सुशीलाबाई बोलते. लग्नाच्या गडबडीत असाल म्हणे तुम्ही!"

"कुणी सांगितलं? माझं लग्न मोडलं," पलीकडून आवाज आला. आणि मग पुढची दहा मिनिटं अविनाशच बोलत होता. साखरपुड्याची तारीख ठरली होती. मुलीच्या मावशीनं त्याच्या ऑफिसच्या वॉचमनला गाठलं, खाणावळीत चौकशी केली, कॉलेजातल्या एका जुन्या मैत्रिणीचं नाव शोधून काढलं आणि त्याची वार्ता चार घरी पोचवली.

"अरेरे," सुशीलाबाई मनापासून हळहळल्या. "मंग आता त्या मावशीला काय म्हणाल तुम्ही? पाळतकारी घटक?"



"चोंबडी," अविनाश म्हणाला. संध्याकाळपर्यंत शब्द मंजूर झाल्याची ईमेल आली.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. पण सुशीलाबाईंना एक दुःख होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या हनुवटीवर केस उगवले होते. आधी दोन होते, चिमट्यानं उपटले तर महिन्याभरात सहा झाले. पांढरे, ताठ, झाडूच्या काडीसारखे. गल्लीच्या तोंडाशी ब्यूटी पार्लर होतं, पण तिथली मुलगी म्हणजे सुशीलाबाईंची मुख्य बातमीदार. तिच्यापुढं हनुवटी कशी न्यायची? सुलभाला विचारायचीही लाज वाटली. मग एका दुपारी उमाजी झोपलेले पाहून त्यांनी खालच्या खोलीतला युवराजचा संगणक सुरू केला आणि एका बोटानं लिहिलं: हनुवटीवरचे केस उपाय.

संगणकावर नेहमीचाच ब्राउझर होता. सुलभाचा फणस अजून वरच होता.

उपाय पुष्कळ सापडले. सुशीलाबाईंनी ते नीट वाचले, संगणक बंद केला आणि हळद-बेसनाचा लेप लावून दहा मिनिटं मोरीत उभ्या राहिल्या.

शनिवारी संध्याकाळी शेजारचे हिम्मतराव नेहमीप्रमाणे क्रिकेटचा स्कोअर बघायला आले. युवराजनं पान उघडलं. स्कोअरच्या बाजूला, हातभर मोठी, एक बाई हनुवटीला क्रीम फासून हसत होती. त्यानं दुसरं पान उघडलं. तिथंही तीच. तिसऱ्या पानावर तर तिची हनुवटी आधी कशी होती आणि नंतर कशी झाली, हे शेजारी शेजारी दाखवलं होतं.

"बाबा, तुम्ही काय शोधलं होतं इथं?" युवराजनं हसत विचारलं.

"मी? मला दाढी येते, त्याचं मला काही दुःख नाही," उमाजी म्हणाले.

"मग कोण?" हिम्मतराव म्हणाले.

तिघांनीही एकदम मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात सुशीलाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. एक हात ट्रेला होता, दुसऱ्यानं पदर हनुवटीवर धरला होता.

कुणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिम्मतरावांच्या बायकोनं भिंतीवरून हाक मारून, न विचारता, मसूर डाळीच्या लेपाची कृती सांगितली. पार्लरच्या मुलीनं रस्त्यात थांबवून "आंटी, आप आओ तो सही," असं अत्यंत प्रेमानं म्हटलं. सुशीलाबाईंना वाटलं, आपण पाच फूट उंचीची हनुवटी होऊन रस्त्यानं चाललो आहोत.

त्या वर गेल्या आणि सुलभाला सगळं सांगितलं. सुलभा हसली नाही. लगेच खाली आली, युवराजला विचारून त्याच्या संगणकावर तिनं फणस बसवला आणि तोच क्रिकेटचा स्कोअर उघडला. क्रीमवाली बाई गायब. खाली मराठीत अक्षरं उमटली: चौदा चोंबडे अडवले.

सुशीलाबाईंनी ती ओळ तीनदा वाचली. "चौदा!" त्या म्हणाल्या. "माझ्या सहा केसांसाठी चौदा जण लागले होते मागं?"

सुख मात्र आठवडाभरच टिकलं. कारण आता युवराज रोज कोचिंगहून आला की पडदा भिंतीकडं वळवायचा आणि आडोशाची खिडकी उघडून बसायचा. पूर्वी तो उठला की सुशीलाबाई त्यानं उघडलेल्या पानांची यादी बघायच्या. इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण चित्रांवरून अंदाज यायचा. आता यादीच कोरी. आणि त्यांनी निजामाबादची एक मुलगी हेरून ठेवली होती, तिकडं फोटो पाठवायचा म्हटलं की हा पोरगा "पुढच्या महिन्यात" म्हणायचा. असे पाच महिने झाले होते. त्याचं कुठं जमलंय का? अमेरिकेला जायचा बेत आहे का? की आणखी काही?

त्या पुन्हा वर गेल्या.

"सुलभा, तुझ्या फणसाला एक बारीक भोक ठेव की. फक्त आईला दिसंल एवढं."

"काकू, तसं नाही करता येत."

"का? सगळं उघडं असतं म्हणलीस ना तुमच्यात?"

"बनवायची कृती उघडी असते. कुणीही वाचावी, चूक काढावी. म्हणून तर कुणी गुपचूप भोक पाडलं तर लगेच सापडतं. आणि आईसाठी पाडलेल्या भोकातून चौदा जण शिरतील."

"म्हणजे भाजी कशी केली ते सांगायचं. कुणाच्या ताटात किती वाढली ते नाही."

"अगदी तेच, काकू."

"मी हनुवटी झाकून उभी होते तेव्हा मला पण वाटलं होतं, माझ्या ताटात कुणी बघू नये," त्या म्हणाल्या आणि उठल्या. जिना उतरताना त्यांनी ठरवलं, युवराजला विचारायचं नाही. सरळ नाही, आडून नाही, चुकीचं बोलून तर नाहीच. आणि एकट्या युवराजलाच का, कुणालाच नाही.

हे ठरवणं सोपं होतं. पाळणं म्हणजे शिंक दाबून धरण्यासारखं होतं. समोर ट्रकमधून सामान उतरलं, सुशीलाबाई पापड वाळवत राहिल्या. पार्लरच्या मुलीनं "आंटी, सुना क्या?" म्हटलं, त्या "नक्को बेटा" म्हणून पुढं गेल्या. तिसऱ्या दिवशी हिम्मतरावांच्या बायकोनं उमाजींना हळूच विचारलं, "वहिनींना बरं नाही का?" चौथ्या दिवशी उमाजींनी डॉक्टरला घरी बोलावलं. डॉक्टरनं रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली आणि म्हणाला, "सगळं ठीक आहे."

"बोलत नाही हो," उमाजी काकुळतीला येऊन म्हणाले. "मी रोज सकाळी फिरून येतो, तर कुठवर गेलात म्हणूनसुद्धा विचारत नाही."

डॉक्टर गेल्यावर उमाजी पलंगाच्या कडेला बसले. थोडा वेळ त्यांनी चादरीची सुरकुती नीट केली. मग म्हणाले, "मी फिरायला जात नाही. दोन वर्षं झाली. रेसकोर्सच्या कोपऱ्यावरच्या इराण्याकडं बसतो. चहा, दोन बिस्किटं. कधी कधी मिर्ची भजी पण. तुझा शुगरचा धाक होता म्हणून बोललो नाही. आता रागावून अशी गप्प बसू नकोस."

हे सुशीलाबाईंना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं, कारण सदऱ्याला भज्याचा वास यायचा. पण त्यांनी तसं म्हटलं नाही. नुसतं "बरं," म्हणाल्या.

त्या "बरं"नं उमाजी आणखीच घाबरले. संध्याकाळी हिम्मतराव आले. गप्प बसलेल्या सुशीलाबाईंकडं बघत त्यांनी चहा संपवला, आणि उमाजी आत गेल्याचं पाहून खुर्ची पुढं ओढली. "वहिनी, तुम्हाला कळलंच असेल म्हणा. म्हणूनच बोलत नाही तुम्ही. आमच्या विजयनं बेंगळुरूची नोकरी सोडली. वर्ष झालं. तिथं इडलीची गाडी लावलीय त्यानं. मी सगळ्यांना मॅनेजर सांगत होतो."

सुशीलाबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. निदान इडली चालते का, चटणी कुठली देतो, एवढं तरी विचारावं! "बरं," त्या म्हणाल्या.

आठवड्याभरात गल्लीतल्या पाच घरांनी आपणहून आपली कपाटं उघडली. तीस वर्षांत कष्टानं मिळाली नव्हती एवढी माहिती सुशीलाबाईंकडं जमली, आणि ती कुणाला सांगायची सोय उरली नव्हती.

युवराज शेवटी आला. त्या दिवशी शहरात बंद होता, कोचिंगला सुट्टी. दुपारी सुशीलाबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. तो समोर येऊन मांडी घालून बसला.

"आई, तू रागावलीस माझ्यावर?"

"नाही रे."

"मग विचार ना काहीतरी!"

सुशीलाबाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला.

युवराजनं मान खाली घातली, इतकी खाली की डोक्याचा मधला भाग त्यांच्या नाकासमोर आला. तिथं वाटीएवढी जागा मोकळी झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी गल्लीतलं सगळं पाहिलं होतं, पण मुलाचं डोकं वरून पाहिलं नव्हतं. मुलगा त्यांच्याहून हातभर उंच होता.

"फळ्यावर लिहायला वळलो की एकशेवीस पोरांना हेच दिसतं," तो म्हणाला. "गुंडू सार म्हणतात मला. टकल्या. रोज संध्याकाळी मी केस उगवायचे उपाय शोधतो. दिलसुखनगरला एक स्किनचा डॉक्टर आहे म्हणे. आधी केस येऊ देत, मग फोटो पाठवू म्हटलं."

सुशीलाबाईंना आधी सुटल्यासारखं वाटलं, मग रडू आलं, मग हसू. तिन्ही एकदमच आल्यानं त्यांना ठसका लागला.

"म्हणजे घरात केसांची टंचाई नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "नुसती जागा चुकलीय."

युवराज त्यांच्या हनुवटीकडं बघत राहिला. मग दोघंही ज्वारीचं सूप बाजूला सारून पोट धरधरून हसले. "त्या दिवशी हसलो, ते चुकलं माझं," तो थोड्या वेळानं म्हणाला. त्यावर त्यांनी नुसतं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मधली जागा सोडून.

सोमवारी दोघं पिशवी घेऊन बाहेर पडले आणि दिलसुखनगरला गेले. डॉक्टरच्या हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं होती. काउंटरवरची मुलगी नाव आणि आजार एका दमात पुकारत होती. "खुजली, अरविंद! पिंपल, लक्ष्मी!" नाव पुकारलं की माणूस मान खाली घालून आत पळायचा. कोपऱ्यात त्यांच्याच गणेश मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव तेलुगू वर्तमानपत्र तोंडापुढं धरून बसले होते. त्यांना तेलुगू वाचता येत नाही, हे सुशीलाबाईंना माहीत होतं. त्यांनी नजर पंख्याकडं वळवली आणि तिथंच ठेवली.

"मस्सेवाले भगवंतराव!" मुलगी ओरडली. भगवंतरावांची चामखीळ साऱ्या हॉलला ठाऊक झाली.

वर्तमानपत्र आणखी वर सरकलं.

सुशीलाबाई उठून काउंटरपाशी गेल्या. "बेटा, नंबर बोलो," त्या म्हणाल्या. "बीमारी नक्को. सब सुन रहे."

मुलीनं हॉलकडं पाहिलं. चाळीस डोकी तिच्याकडंच बघत होती. तिनं ओठ चावला आणि वहीत बघून म्हणाली, "नंबर सतरा." वर्तमानपत्राची घडी झाली. भगवंतराव आत जाता जाता सुशीलाबाईंपाशी अर्धं पाऊल थांबले.

डॉक्टरनं दोघांनाही औषध दिलं आणि दोघांनाही सांगितलं, सहा महिने धीर धरा.

घरी पोचले तेव्हा उमाजी ओट्यावर बसले होते.

"कुठं गेला होता?"

"भाजीला," सुशीलाबाई म्हणाल्या.

उमाजींनी रिकाम्या पिशवीकडं पाहिलं.

"ताजी नव्हती," युवराज म्हणाला.

"हौ, मला वाटलंच," उमाजी म्हणाले आणि त्यांना जायला वाट देत बाजूला सरकले. "हिम्मतराव येऊन गेले. तुम्ही कुठं गेलात म्हणून विचारत होते. मी सांगितलं, भाजीला गेलेत, पण आज काही मिळायची नाही."